कोकण किनाऱ्यावर नवी क्राफ्ट बिअर कशी शोधायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, कुडाळ, म्हापसा, कुठेही क्राफ्ट बिअरचा विषय निघाला की साधारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आपल्या दमट, उष्ण किनाऱ्यावर कोणती बिअर घ्यायची हे ठरवण्याआधी ती कधी भरली आणि तेव्हापासून कुठे ठेवली, हे विचारायची सवय लावा. खालची निम्मी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकी कोणती?

याची सगळ्यांना मान्य अशी एकच व्याख्या नाही. अमेरिकेत ब्रुअर्स असोसिएशनने वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन आणि मोठ्या मद्यकंपनीची २५ टक्क्यांपेक्षा कमी मालकी अशी मोजपट्टी ठरवली आहे, पण ती आपल्याकडच्या छोट्या टाक्यांना लावण्यात काही अर्थ नाही. माझी कसोटी सोपी आहे. बिअर कोणी बनवली, कुठे बनवली आणि तिच्यात काय घातलं, याचं उत्तर देणारा माणूस तुम्हाला भेटू शकतो का? भेटत असेल तर ती क्राफ्ट.

व्यवहारात दोन प्रकार दिसतात. पहिला मायक्रोब्रुअरीचा. तिथे काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात आणि बिअर तिथेच ग्लासात ओतून मिळते. दुसरा प्रकार छोट्या कारखान्याचा, जो कॅन, बाटल्या किंवा केग (बिअरची मोठी पिंपं) भरून दुकानांना आणि बारना पाठवतो. काही नवे ब्रँड स्वतःची पाककृती घेऊन दुसऱ्याच्या कारखान्यात बिअर बनवून घेतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त गिऱ्हाइकाला ते माहीत असावं. लेबलवर निर्मितीचा पत्ता छापलेला असतो, तो वाचला की कळतं.

आपल्या भागात याची सुरुवात कधी झाली?

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये तिची गणना होते, आणि पुढे तिने मुंबईत टॅपरूम, म्हणजे ताजी बिअर थेट नळातून देणारे बार, काढल्या. इंडिपेंडन्स आणि एफिंगट यांचा जन्मही पुण्याचाच. डोंबिवलीत बिअर बनवून मुंबईतल्या बारना केगने पुरवण्याचं काम गेटवे ब्रुइंगने केलं. लोअर परळच्या जुन्या गिरणी भागात व्हाइट आऊल उभी राहिली. मुंबईकराला ‘माइल्ड की स्ट्राँग’ यापलीकडे तिसरा प्रश्न विचारता येतो हे या लोकांनी शिकवलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

गोव्याची गोष्ट थोडी नंतरची. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीने ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए (इंडिया पेल एल, कडवट आणि हॉप्स या फुलांच्या वासाची बिअर) आणली. नाव हणजुण्यात स्थायिक झालेल्या आणि २०१० मध्ये वारलेल्या एका हिप्पी म्हाताऱ्याचं. बंगळुरूत २०१२ साली सुरू झालेल्या आर्बरने ‘बीच शॅक’ आयपीएसारख्या बिअर गोव्यात कॅनमध्ये भरायला घेतल्या. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावातून ‘माका दी’ आली. सुसेगादोही याच पिढीतली.

ही यादी कायमची समजू नका. या धंद्यात जागा बदलतात, मालक बदलतात, आवडती बिअर एका हंगामात यादीतून गायब होते. निघण्याआधी फोन करून खात्री करा.

मी रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गात राहतो. मला सगळ्यात सोयीचं काय?

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला इथल्या माणसाला गोवा हाकेच्या अंतरावर आहे. म्हापसा-पणजीच्या बाजूला संध्याकाळ काढावी, तिथेच मुक्काम करावा, सकाळी परतावं. रत्नागिरी-चिपळूणकराला मुंबई, पुणे आणि गोवा असे तीन पर्याय आहेत, आणि तिन्हीकडे जायला तसं कारण लागतं. म्हणून मी सांगेन की दुसऱ्या कामासाठी जाणं होईल तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेवा. कोकण रेल्वेने जाणं सगळ्यात उत्तम, कारण मग परतीला गाडी कोण चालवणार हा प्रश्नच उरत नाही.

रायगडकरांना एक फायदा आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो सुरू झाली, त्यामुळे अलिबागहून मुंबईची टॅपरूम एका दिवसात होते. शेवटची बोट किती वाजता आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

गावातल्या बिअर शॉपीत क्राफ्टचे दोन-तीन कॅन दिसले तर घ्यायचे की नाही, हे पुढच्या एका उत्तरात सविस्तर आहे.

गोव्यातून चार कॅन पिशवीत टाकून बांद्याला आणले तर काय होतं?

आणू नका. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, लेबलची नोंदणीही वेगळी. गोव्यात विकायला भरलेल्या मालावर तसं छापलेलं असतं. तो माल परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणला तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा होतो. इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. ‘दोनच तर आहेत’ हे उत्तर तिथे चालत नाही.

याच कारणाने गोव्यात गल्लोगल्ली दिसणारी एखादी बिअर सावंतवाडीत मिळत नाही. छोट्या ब्रुअरीला दुसऱ्या राज्यात उतरायचं म्हणजे नवी नोंदणी, नवं शुल्क, नवा वितरक. त्यामुळे गोव्याची बिअर गोव्यातच प्यावी. तशी ती ताजीही मिळते.

नवी ब्रुअरी सुरू झाली हे मला कळणार कसं?

सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे आधीच्या ब्रुअरीतला ब्रुअर. हे जग लहान आहे. हे लोक एकमेकांकडून माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) उसना घेतात, यीस्ट मागतात, पंप बिघडला की एकमेकांना फोन करतात. एखाद्या टॅपरूममध्ये गर्दी नसलेल्या वेळी, म्हणजे मंगळवार-बुधवारच्या संध्याकाळी सहाच्या आसपास जा, बिअर आवडली तर तसं सांगा, आणि विचारा, “सध्या तुम्ही स्वतः बाहेर जाऊन कोणाची पिता?” या प्रश्नाला खोटं उत्तर देणारा ब्रुअर मला अजून भेटलेला नाही. त्यातून निघालेलं नाव कुठल्याही यादीपेक्षा मोलाचं.

दुसरा मार्ग फोनमधला. अनटॅप्ड नावाचं ॲप २०१० पासून चालू आहे. लोक प्यालेल्या बिअरची नोंद त्यात करतात, त्यामुळे तुमच्या आसपास अलीकडे काय ओतलं गेलं ते दिसतं. तिथल्या गुणांकडे मी फार लक्ष देत नाही. आंबट किंवा फार वेगळ्या बिअरला माणसं उगाच कमी गुण देतात आणि जास्त अल्कोहोलवालीला उगाच जास्त. नोंदीची तारीख मात्र कामाची. एखाद्या बिअरची शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची असेल तर ती बहुधा बंद झाली आहे. इन्स्टाग्रामवर ब्रुअरीचं पान धरून ठेवा. नवी बॅच टॅपवर चढली की पहिली बातमी तिथेच येते.

तिसरा मार्ग टॅप टेकओव्हरचा. एका ब्रुअरीची बिअर एका संध्याकाळपुरती दुसऱ्याच्या बारमध्ये लागते. पाहुणा ब्रुअर बहुतेक वेळा स्वतः हजर असतो. नव्या नावांची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

आणि बारमधला वेटर. त्याला “चांगली कोणती?” विचारलंत तर तो सगळ्यात जास्त खपणारी सांगेल. “या आठवड्यात नवा केग कोणता लागला?” असं विचारा. उत्तर बदलतं.

दुकानात कॅन घेताना काय बघायचं?

आधी भरल्याची तारीख. कॅनच्या बुडाशी किंवा बाटलीच्या मानेजवळ असते. हॉप्सचा वास हे जिचं बलस्थान आहे अशी बिअर, म्हणजे आयपीए किंवा पेल एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बिअर), भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्यावी. तिचा लिंबू-संत्र्यासारखा वास सगळ्यात आधी जातो. मागे राहतो नुसता कडवटपणा आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. गडद, जड स्टाउट त्या मानाने टिकते. तारीख सापडलीच नाही तर तो कॅन परत ठेवा.

मग ती कुठे ठेवली होती ते. पदार्थ जुना होण्याची रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुपटी-तिपटीने वेग घेते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली खोक्यात महिनाभर पडलेला कॅन तुम्ही घरी आणून कितीही गार केलात तरी गेलेला वास परत येत नाही. छोट्या ब्रुअऱ्यांची बरीच बिअर पाश्चराइज केलेली नसते, मग तर फ्रिज हवाच. त्यामुळे दुकानदाराला विचारा, “माल आला तेव्हापासून फ्रिजमध्येच आहे का?” तो “आत्ता लावला गार करायला” म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. किनाऱ्यावर लोडशेडिंग आणि वादळात दोन दोन दिवस वीज जाते, हेही लक्षात असू द्या. अशा आठवड्यानंतर मी महागडी बिअर विकत घेत नाही.

बाटली असेल तर रंग बघा. हॉप्समधल्या घटकांवर उजेड पडला की कुबट, तीव्र वास तयार होतो. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही, म्हणून आपल्या उन्हात मी कॅनच्या बाजूचा आहे.

लेबलवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि अल्कोहोलचं प्रमाणही असतं. २०१८ च्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग.

नव्या ठिकाणी पहिल्यांदा गेल्यावर काय मागवू?

त्यांच्याकडची सगळ्यात साधी बिअर. लागर किंवा तिचाच फिका, कोरडा प्रकार पिल्सनर असेल तर ती, नसेल तर गव्हाची. फळं, कॉफी, मसाले यांच्याआड ब्रुअरच्या चुका लपतात. साध्या लागरला आडोसाच नसतो. ती ८ ते १३ अंशांवर सावकाश आंबवावी लागते आणि मग आठवडे थंड टाकीत पडू द्यावी लागते. ज्या नव्या ब्रुअरीने ती टाकी अडकवून ठेवण्याचा धीर दाखवला, तिथे बाकीच्या बिअरही बहुधा नीट असतात. माझ्या मते ब्रुअरी ओळखण्याची हीच एक खरी परीक्षा.

आधी नाकाने घ्या. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर आंबवणं पुरं होण्याआधी घाई झाली आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर उकळण्यात किंवा नंतर गार करण्यात कसर राहिली. व्हिनेगरसारखा आंबट झटका आला आणि बिअर आंबट प्रकारातली नसेल, तर टॅपच्या नळ्या स्वच्छ नसण्याची शक्यता मोठी. नळ्या साधारण दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, आणि आपल्या दमट हवेत हयगय झाली की लगेच कळतं. लवंग आणि पिकल्या केळ्याचा वास मात्र जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो. तो तिच्या यीस्टचा गुण आहे.

बहुतेक मायक्रोब्रुअऱ्या चार-पाच छोटे ग्लास एका फळीवर लावून देतात. सॅम्पलर मागा. फिक्यापासून गडदकडे, हलक्यापासून जडकडे जा. आधी आयपीए प्यालात तर पुढची लागर पाण्यासारखी लागेल, आणि त्यात तिचा दोष नसेल. मध्ये साधं पाणी आणि मूठभर कुरमुरे. शेव-फरसाण नंतर.

एक विनंती, “एकदम चिल्ड” मागू नका. बर्फासारख्या बिअरला वासच येत नाही. ग्लास हातात दोन मिनिटं धरा आणि मग घोट घ्या.

एबीव्ही आणि आयबीयू हे आकडे काय सांगतात?

एबीव्ही म्हणजे एकूण आकारमानात अल्कोहोल किती टक्के. आयबीयू म्हणजे हॉप्सच्या कडवटपणाचं माप. हलकी लागर १० ते २०, आयपीए ४० ते ७०. पण माल्टचा गोडवा जास्त असेल तर ५० आयबीयूची बिअरही फारशी कडू लागत नाही. आकड्याने अंदाज घ्या, निर्णय जिभेवर सोडा.

मला कडू आवडत नाही. माझ्यासाठी काही आहे का?

भरपूर आहे. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर घ्या. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, कडवटपणा नाममात्र. मधाची एलही चालेल. आंबट आवडत असेल तर गोझ नावाचा जर्मन प्रकार शोधा, त्यात मीठ आणि धने असतात. ताकात मीठ-धनेजिरे घालणाऱ्या घरातल्या माणसाला तो परका वाटत नाही. पुण्याची मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. ती बिअर नव्हे, पण बिअर न आवडणाऱ्याला सोबत न्यायचं असेल तर उपयोगी पडते.

कोकम, हापूस, काजू, फणस घातलेल्या बिअर खरंच चांगल्या असतात की नुसतं नाव?

दोन्ही असतात, आणि या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचं आहे.

कोकमापासून सुरू करू. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. त्याची आंबट चव, लालभडक रंग आणि मीठ घातलेलं आगळ ही आपली रोजची सवय. आंबट-खारट बिअरशी त्याची सोयरीक इतकी सरळ आहे की ती आणखी कितीतरी ब्रुअऱ्यांनी करायला हवी असं मला नेहमी वाटतं. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घातलेली कोकम एल करून दाखवली. अशी बिअर समोर आली तर बघा की आंबटपणा घशापर्यंत स्वच्छ जातो की मध्येच सरबतासारखा गोड होतो. गोड झाला तर कोकम शेवटी, सिरपच्या रूपात पडलं आहे.

हापूसचं गणित वेगळं. आंब्याचा रस टाकीत घातला की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकते. म्हणून खऱ्या आंब्याची बिअर गोड नसते. जिभेला ती कोरडी लागते आणि वास मात्र पिकल्या आंब्याचा येतो. पहिल्या घोटालाच आमरसासारखा गोडवा लागला तर एसेन्सची शंका घ्या. मे-जूनमध्ये मिळणारी आंब्याची बिअर आणि डिसेंबरातली यांत फरक असतो, आणि चांगला ब्रुअर हंगाम संपल्यावर ती बंद ठेवतो.

फणस मला जर्मन गव्हाच्या बिअरबरोबर पटतो. त्या यीस्टचा केळ्यासारखा वास आणि पिकलेल्या बरक्या फणसाचा वास एकाच घराण्यातले. काजूच्या बोंडाचं काम अवघड आहे. रस काही तासांतच बिघडायला लागतो आणि त्यातलं टॅनिन घशाला धरतं. मार्च ते मे या दिवसांत काजूच्या बागांच्या जवळ असलेली ब्रुअरीच ते नीट करू शकते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हुर्राक (बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू) प्यायला दुरून माणसं येतात. बोंडाच्या बिअरला तशी ओळख मिळायला अजून वाव आहे.

ज्या दोन गोष्टींची मी वाट बघतो आहे त्या म्हणजे तिरफळ आणि नाचणी. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ लिंबासारखा वास देतं आणि जिभेला किंचित बधिरपणा आणतं. फार्महाउस पद्धतीच्या कोरड्या बिअरला याहून सुंदर मसाला शोधून सापडणार नाही. बी काढून टाकायचं आणि फक्त साल वापरायची, हे आपल्याकडच्या कुठल्याही काकू ब्रुअरला सांगतील. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तेच माल्टिंग. नाचणीत ग्लुटेन नाही. आपला लाल तांदूळही बिअरला हलकेपणा देतो.

पाण्याबद्दलही अनेक जण विचारतात. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं. १८४२ मध्ये प्लझेन शहरात पहिली पिल्सनर बनली ती मऊ पाण्यातच. आज ब्रुअर पाणी शुद्ध करून लागतील ते क्षार मोजून घालतात, तरी मऊ पाण्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. पाणी आपल्याला साथ देतं एवढं नक्की.

मालवणी जेवणाबरोबर कोणती बिअर?

तिखटाबरोबर फार कडू आणि जास्त अल्कोहोलची बिअर घेऊ नका. दोन्ही मिळून मिरचीचा जाळ वाढवतात. कोंबडी-वडे असोत की झणझणीत कुर्ल्यांचं कालवण, गव्हाची बिअर उत्तम. बोंबील फ्रायला रव्याचा कुरकुरीतपणा आणि तेल असतं, तिथे चांगली कोरडी पिल्सनर. प्रत्येक घोटाला तोंड स्वच्छ होतं. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर धने-संत्र्याची बेल्जियन, कारण ओल्या खोबऱ्याची गोडी तिच्याशी जुळते. सुरमई रवा फ्रायला पेल एल चालते.

रत्नागिरीकडे कालवं मिळतात. आयर्लंड-इंग्लंडात कालवं आणि स्टाउट ही जुनी जोडी आहे. आपली कालवं मसाल्यात केलेली असतात, तरी त्यांच्या समुद्री खारटपणाला भाजक्या माल्टची कडवट बाजू फार सुरेख सांभाळून घेते. एकदा जरूर करून बघा. ओल्या काजूच्या उसळीबरोबर मधाची एल. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी. नारळाचं दूध जिभेवर बसलं की बिअरची चव कळत नाही.

पावसाळ्यात जाण्यात अर्थ आहे का?

आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, पण ब्रुअऱ्या चालू असतात आणि ब्रुअरला बोलायला सवड असते. गडद बिअर प्यायला हाच ऋतू. श्रावण पाळणाऱ्यांना गटारीच्या आधीचा आठवडा उरतो, आणि त्या दिवसांत टॅपरूममध्ये जागा मिळणं कठीण.

ब्रुअरी आतून बघता येते का?

मायक्रोब्रुअरीत बहुधा हो. आधी निरोप पाठवा, ब्रुइंग चालू असेल त्या दिवशी सकाळी बोलावतात का विचारा. धान्य गरम पाण्यात मुरत असतानाचा वास अनुभवण्यासारखा असतो. पायात बंद बूट घाला, फरशी ओली आणि निसरडी असते. कारखान्यात उत्पादन शुल्काचे नियम असतात, त्यामुळे नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

क्राफ्ट बिअर एवढी महाग का?

हॉप्स मुख्यतः आयात होतात. हिमाचलात लाहौलला थोडे पिकतात, पण सुगंधी वाण बाहेरूनच येतात. मोठी कंपनी लाखो लिटरवर खर्च विभागते, छोटी ब्रुअरी एका वेळी काहीशे ते हजारभर लिटर बनवते. त्यावर परवाना शुल्क, उत्पादन शुल्क, शहरातल्या जागेचं भाडं आणि थंड साखळीचा खर्च. एक चांगला ग्लास घ्यावा आणि सावकाश प्यावा, असाच माझा सल्ला राहील.

वय, परवाना, ड्राय डे, गाडी?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. दारू पिण्याचा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो आणि कायद्याने तो लागतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात विक्री बंद. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीलाही महाराष्ट्रात चौकशी करूनच निघा. गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला दंड आहे, आणि फुटलेल्या बाटल्यांनी पाय कापलेली मुलं पाहिली की तो योग्यच वाटतो.

गाडीबद्दल तडजोड नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पण मुंबई-गोवा महामार्गाचे घाट, वळणं आणि रात्रीचे ट्रक ओळखणाऱ्याने ती मर्यादा शून्य धरावी. गरोदर असाल, यकृताचा त्रास असेल किंवा औषधं चालू असतील तर बिअर नकोच. किती प्यायली तर अपाय होत नाही, असा आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही.

घरी बनवून बघू का?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. हौस भागवायची असेल तर वेगवेगळे माल्ट आणि हॉप्स हाताळायला, हुंगायला एखाद्या ब्रुअरला गाठा. उत्साही माणसाला ते आनंदाने दाखवतात.

बिअर आवडली नाही तर सांगावं का?

जरूर, आणि थेट ब्रुअरला. “वाईट आहे” एवढं सांगून भागत नाही. “लोण्याचा वास येतोय”, “मागच्या महिन्यापेक्षा फिकी वाटली”, “नळीचा वास आहे” असं सांगा. नव्या ब्रुअरीला पहिल्या दोन वर्षांत अशी माणसं हवी असतात. इंटरनेटवर एक तारा देऊन निघून गेलात तर त्याला काय चुकलं ते कळत नाही आणि पुढची बॅच तशीच येते. आवडली असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा.

आमची कोकमाची, आंब्याची बाग आहे. ब्रुअरीला माल देता येईल का?

येईल, आणि हा प्रश्न आणखी लोकांनी विचारावा. छोट्या ब्रुअरीला वर्षाला फार माल लागत नाही, पण जो लागतो तो एकसारखा लागतो. पहिली अट अशी की रसात किंवा गरात सोडियम बेंझोएट, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अशी टिकवण द्रव्यं नकोत. त्यांनी यीस्ट मंदावते किंवा मरते, आणि अख्खी टाकी वाया जाते. गर पाश्चराइज करून हवाबंद किंवा गोठवून द्यावा. कोकम द्यायचं तर बिनमिठाचं द्या. आगळात मीठ किती आहे हे तुम्हालाच नक्की ठाऊक नसेल तर ब्रुअर त्याचं प्रमाण बसवू शकत नाही. तिरफळ त्याच वर्षीचं, बी काढलेलं, आणि कागदी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात. प्रक्रिया केलेल्या मालासाठी अन्नसुरक्षेचा परवाना लागतो.

काजूच्या आणि कोकमाच्या वाणांबद्दल वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे विचारणा करा. कोणत्या वाणात रस जास्त, आंबटपणा किती, हे तिथून कळतं, आणि ब्रुअर तुम्हाला नेमकं तेच विचारणार आहे. पहिल्या भेटीला पाच किलो नमुना न्या, झाडाचं वाण आणि तोडणीची तारीख डब्यावर लिहा, आणि हंगामाच्या दोन महिने आधी जा. टाक्यांचं वेळापत्रक तेव्हाच ठरत असतं.